देवळालीचे कापरेकर मास्तर : कोडी सोडवता सोडवता कोडी घडवणारा माणूस

आज ऐकायला बसताना एक कागद आणि पेन्सिल जवळ घ्या. इतिहासाच्या गप्पांना कागद-पेन्सिल कशाला, असं वाटेल. पण आज ज्या माणसाची गोष्ट सांगायची आहे, त्याची ओळख तारखांनी होत नाही, वजाबाकीने होते.

कुठलीही चार अंकी संख्या मनात धरा. चारही अंक सारखे नकोत, म्हणजे ११११ किंवा ७७७७ चालणार नाही, एवढी एकच अट. मी ३५२४ घेतो. आता हे चार अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा : ५४३२. मग लहानाकडून मोठ्याकडे : २३४५. मोठ्यातून लहान वजा करा. उत्तर ३०८७. आता याच उत्तरावर पुन्हा तेच करा. ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. पुन्हा एकदा. ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आणखी एकदा करून बघा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! आता कितीही वेळा करा, इथून बाहेर पडता येत नाही.

माझी संख्या सोडा, तुमची घ्या. व्हिडिओ बघत असाल तर पॉज करा, ई-पुस्तक वाचत असाल तर पानावर बोट ठेवा. मधे कुठे तीनच अंक आले, म्हणजे समजा ९९९ आले, तर पुढे शून्य लावून ०९९९ धरा. मी सांगतो ते लिहून ठेवा : जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर येणार. आम्हा दिल्ली-नोएडावाल्यांना तर याची रोजच सोय आहे. रहदारीत अडकलो की पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवरचे शेवटचे चार अंक घ्यायचे आणि सुरुवात करायची. सिग्नल सुटेपर्यंत उत्तर येतं, आणि आपला सिग्नल कधी कधी इतका लांबतो की तीन गाड्या होतात.

या ६१७४ ला जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. हे कापरेकर म्हणजे नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेतले एक मास्तर. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. आजचा भाग त्यांच्यावर, आणि त्यांच्या निमित्ताने एका नादावर. कोडी सोडवण्याचा नाद पुष्कळांना असतो. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं आधी कोणी सोडवायचं यावरून घरात भांडणं होतात. पण सोडवणाऱ्यातला एखादाच पुढे कोडी घडवू लागतो. तो उंबरठा कसा ओलांडला जातो आणि त्याची किंमत काय मोजावी लागते, ते या मास्तरांच्या आयुष्यात फार स्पष्ट दिसतं.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडिलांनी वाढवलं. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाची आवड होती. आता ज्योतिषावर विश्वास ठेवा न ठेवा, पत्रिका मांडायची तर आकडेमोड करावीच लागते. लहान दत्तात्रयाच्या हातात आकडे आले ते असे. पुढे शिक्षणासाठी ठाण्याला आले. तिथे शाळेत असताना पुस्तकांत सापडतील ती गणिती कोडी सोडवत बसणं हा त्यांचा आवडता उद्योग होता. म्हणजे सुरुवात तुमच्या-आमच्यासारखीच. कोणीतरी घातलेलं कोडं, आणि ते सुटल्याचा आनंद.

मग पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. फर्ग्युसन आणि गणित म्हटलं की रँग्लर र. पु. परांजपे आठवतात. केंब्रिजला १८९९ साली सीनियर रँग्लर झालेला पहिला भारतीय माणूस. त्यांच्या नावाने गणितातल्या स्वतंत्र कामासाठी एक पारितोषिक होतं. १९२७ साली ते कापरेकरांना मिळालं. ‘स्वतंत्र काम’ हे शब्द इथे लक्षात ठेवा. परीक्षेतल्या गुणांबद्दलचं हे बक्षीस नव्हतं. स्वतःचा प्रश्न स्वतः शोधल्याबद्दलचं होतं. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. झाली. पुढची पदव्युत्तर पदवी मात्र त्यांनी कधीच घेतली नाही. १९३० च्या सुमारास देवळालीला शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत शाळामास्तरच राहिले.

आता प्रश्न घडवण्याबद्दल दोन शब्द. आपल्या मातीत ही कला जुनी आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याला यादवांच्या काळातला, १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. या भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० ची. ती उघडली की नुसते नियम दिसत नाहीत, तर भुंगे, हंस, कमळं, मोर आणि साप दिसतात. एका भुंग्यांच्या थव्याचं गणित तर प्रसिद्धच आहे. थव्याचा पाचवा भाग एका फुलावर गेला, तिसरा भाग दुसऱ्यावर, या दोन भागांतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्यावर, आणि एक भुंगा हवेतच घुटमळत राहिला. तर भुंगे किती? उत्तर पंधरा. तपासून बघा : तीन, पाच, सहा आणि एक.

त्याच लीलावतीच्या शेवटी ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण आहे. नावच किती नेमकं! अंकांचा फास. तिथे भास्कराचार्य विचारतात की पाच स्थानांवर असे अंक मांडा की त्यांची बेरीज तेरा होईल, शून्य वापरू नका, तर अशा संख्या किती? उत्तर येतं ४९५. आता एक गंमत बघा. चार अंकांऐवजी तीन अंकी संख्येवर कापरेकरांची वजाबाकी केलीत, तर तुम्ही शेवटी अडकता ते ४९५ वरच. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध करायला जाऊ नका. पण अंकांच्या वेडात पडलेल्या माणसाला असे योगायोग झोपू देत नाहीत, एवढं मात्र खरं.

कापरेकरांना ते झोपू देतच नसत. स्वतःच्या नादाबद्दल बोलताना त्यांनी दारूची उपमा दिली होती. पिणाऱ्याला त्या सुखातच राहावंसं वाटतं, तसं आपलं अंकांच्या बाबतीत होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. शाळेचे तास झाले, वह्या तपासून झाल्या की हे अंकांपाशी. आणि अंक तर सगळीकडेच असतात. त्यांना प्रयोगशाळा लागत नाही, ग्रंथालय लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही.

एकदा रेल्वेच्या एका स्टेशनावर त्यांना काही संख्यांची गंमत सुचली. १६५ घ्या : एक आणि पाच मिळून मधला सहा. २५५३ घ्या : दोन आणि तीन मिळून पाच, तोच मधे दोनदा. ४७७७३ मध्ये चार आणि तीन मिळून सात, तो मधे तीनदा. अशा संख्यांना त्यांनी नाव दिलं ‘डेम्लो’. मुंबईपासून तीस मैलांवर जुन्या जी. आय. पी. रेल्वेचं ते स्टेशन, म्हणजे आपलं आजचं डोंबिवली. लोकलची वाट बघत उभ्या असलेल्या लाखो डोंबिवलीकरांना कल्पनाही नसेल की आपल्या स्टेशनाचं नाव गणितात गेलेलं आहे.

नावं ठेवण्याची त्यांना हौस होती, आणि नावं ठेवण्यात ते पटाईतही होते. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटलं. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. १२ घ्या, अंकांची बेरीज तीन, भाग जातो. रामानुजनच्या टॅक्सीचा तो सुप्रसिद्ध १७२९ घ्या. अंकांची बेरीज १९. आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. उलटसुलट! खुद्द ६१७४ सुद्धा हर्षद आहे. बेरीज १८, आणि भागाकार ३४३, म्हणजे साताचा घन. परदेशात याच संख्यांना ‘निव्हेन संख्या’ असंही म्हणतात, पण हर्षद हे नाव टिकून राहिलं. आज नोएडा-गुरुग्रामच्या आयटी कंपन्यांत जाऊ इच्छिणारी मुलं प्रोग्रॅमिंग शिकताना ‘हर्षद संख्या शोधा’ हा सराव करतात. हर्षद हे कोणा माणसाचं नाव असावं, असंच बहुतेकांना वाटतं.

मग ‘कापरेकर संख्या’. ४५ चा वर्ग २०२५. मधून तोडा : २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. तोडा : ८८ आणि २०९. बेरीज २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९. तोडा, ४९४ आणि २०९, बेरीज ७०३. वर्ग करून मोठी केलेली संख्या तुटून पुन्हा स्वतःकडे परत येते.

आणि माझ्या मते त्यांची सगळ्यात सुंदर कल्पना म्हणजे ज्यांना ‘देवळाली संख्या’ असंही म्हणतात त्या. २१ घ्या. तिच्यात तिचेच अंक मिळवा. २१ अधिक २ अधिक १ म्हणजे २४. म्हणजे २४ ची जनक २१. १०१ ला तर दोन जनक आहेत. ९१ पासूनही १०१ होतात, १०० पासूनही होतात. पण २० घ्या आणि तिची जनक शोधा. सापडणार नाही. ३१, ४२, ५३ यांचीही नाही. ज्या संख्येला जनकच नाही ती स्वयंभू. अशा संख्या अनंत आहेत, हेही कापरेकरांनी दाखवून दिलं. १९६३ साली त्यांनी यावर स्वतंत्र पुस्तिका काढली. नवीन स्वयंभू संख्यांचं गणित, असा तिचा विषय.

ही पुस्तिका कोणी छापली? त्यांनीच. पुस्तिकेवर प्रकाशनसंस्थेचं नाव नाही. ‘खाजगी मुद्रण, देवळाली’ किंवा ‘लेखकाने प्रकाशित केले, खरेसवाडा, देवळाली’ अशा अर्थाच्या ओळी त्यांच्या पुस्तिकांवर आढळतात. पगार शाळामास्तरचा, छपाईचा खर्च स्वतःचा, आणि विषय असा की बाजारात कोणी विचारणार नाही.

का छापावं लागलं असं? कारण देशातल्या अनेक गणितज्ञांना त्यांचं काम क्षुल्लक वाटत होतं. लोक हसत. आता इथे आपण भावनेच्या भरात कोणाला खलनायक करायला नको. त्या हसण्यामागे एक युक्तिवाद होता आणि तो समजून घेतला पाहिजे. कापरेकरांच्या बहुतेक गमती संख्येच्या नसून तिच्या लिहिण्याच्या आहेत. आपल्या हाताला दहा बोटं, म्हणून आपण दशमान पद्धतीत लिहितो. बोटं आठ असती तर त्याच वस्तू मोजूनही अंक वेगळे पडले असते आणि ६१७४ ची जादू नाहीशी झाली असती. मूळ संख्येची किंवा वर्तुळाची गोष्ट तशी नाही, ती कुठल्याही लिपीत खरीच राहते. मग लिहिण्याच्या सोयीतून निघालेल्या गमतीला गणित का म्हणायचं?

आक्षेप वजनदार आहे. त्याचं उत्तर मला ६१७४ मध्येच सापडतं. ही संख्या कापरेकरांना १९४६ साली सापडली. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती सांगितली आणि १९५५ मध्ये न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात तिच्यावर लेख आला. ती जादू का घडते ते आता बघू. घाबरू नका, शाळेतल्या गणितापलीकडे काही नाही.

चार अंक उतरत्या क्रमाने मांडले आणि उलट करून वजा केले, की उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं. पहिला फरक सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान अंक यांतला. दुसरा फरक मधल्या दोन अंकांतला. पहिल्याला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने, आणि बेरीज करा. सुरुवातीच्या ३५२४ वर करून बघू. पाच वजा दोन, तीन. चार वजा तीन, एक. तीन वेळा ९९९ म्हणजे २९९७, अधिक ९०, झाले ३०८७. पहिल्या वजाबाकीत हेच आलं होतं.

याचा अर्थ काय झाला? पहिला फरक १ ते ९ मधला काहीतरी असणार. दुसरा शून्यापासून फार तर पहिल्याइतका. सगळ्या जोड्या मोजल्या तर भरतात फक्त ५४. म्हणजे जवळजवळ नऊ हजार चार अंकी संख्या पहिल्याच पावलात ५४ दारांतून आत येतात. मग ती ५४ दारं एकेक करून तपासायची. कॉम्प्युटर नको, एका संध्याकाळचं काम आहे. सगळ्या वाटा ६१७४ ला मिळतात हे स्वतःच्या हाताने सिद्ध होतं.

आता अंकसंख्या बदला. दोन अंकी घेतलीत तर एका संख्येवर थांबत नाही, एक फेरा सुरू होतो : ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९. पाच अंकी घेतलीत तर एकच असा मुक्कामच नाही, वेगवेगळे फेरे आहेत. दहाऐवजी दुसरा पाया घेऊन करा, तिथे आणखी निराळं चित्र. म्हणजे ६१७४ हा आकडा दहा बोटांचा असेल, पण त्याने विचारलेला प्रश्न बोटांचा नाही. एक साधी कृती पुन्हा पुन्हा करत गेलं तर शेवटी कुठे पोचतो? थांबतो, की फिरत राहतो? हा प्रश्न खोल आहे. त्याचाच एक भाऊ म्हणजे कोलाट्झचं कोडं : संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, आणि करत राहा. नेहमी एकावरच पोचतो का? सांगायला अर्धं मिनिट लागतं. सिद्ध अजून कोणालाही करता आलेलं नाही.

कोडं सोडवणारा आणि घडवणारा यांच्यातला फरक मला इथे कळतो. सोडवणाऱ्याला एक आधार असतो. उत्तर आहे, कोणाला तरी ते माहीत आहे, मागच्या पानावर उलटं छापलेलं आहे. मीही वर्षानुवर्षं कोडी सोडवतो, त्या आधाराची ऊब मला ठाऊक आहे. घडवणाऱ्याला मागचं पान नसतं. १९४६ मध्ये वजाबाक्या करत बसलेल्या मास्तरांना शेवटी काही हाती लागणार आहे, असं कोणीही सांगितलेलं नव्हतं. शेकडो वजाबाक्या करून हातात नुसता कागद राहिला असता तरी विचारणारं कोणी नव्हतं. हे एकटेपण ज्याला सोसतं, तो उंबरठा ओलांडतो.

निवृत्तीनंतरचे दिवस सोपे नव्हते. १९६६ मध्ये पत्नीचं निधन झालं. पेन्शन पुरत नव्हती, म्हणून गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. वय साठीच्या पुढे, आणि तरीही पुस्तिका निघत राहिल्या, पत्रं जात राहिली.

आणि मग मार्च १९७५. अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर गणिती खेळांवर सदर लिहीत. जगभरच्या कोडीवेड्यांची ती पंढरीच होती. गार्डनर स्वतः विद्यापीठातले गणितज्ञ नव्हते, हेही लक्षात घ्या. त्यांनी कापरेकरांविषयी आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांविषयी लिहिलं. देवळालीचे मास्तर एकदम जगाच्या नकाशावर आले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये ते गेले.

जाता जाता तुमच्या कागदावर दोन शेवटची गणितं करू. त्यांचं जन्मसाल १९०५ घ्या. पहिली वजाबाकी, ९५१० वजा ०१५९, म्हणजे ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. बरोबर सात पावलं, म्हणजे लागू शकतात तितकी सगळी. मृत्यूचं साल १९८६ घ्या. ९८६१ वजा १६८९ म्हणजे थेट ८१७२, आणि पुढची वाट तीच. सहा पावलं. यातून भविष्य काढायचं नाही. पण मास्तर असते तर त्यांनी हे हौसेने फळ्यावर करून दाखवलं असतं, असं मला वाटतं.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. घरातल्या एखाद्या मुलाला ६१७४ चा खेळ दाखवा, पण का होतं ते लगेच सांगू नका. दोन दिवस जाऊ द्या. तो ‘पाच अंकी घेतली तर?’ असं विचारत आला, तर समजा की मास्तरांचा एक विद्यार्थी वाढला. उत्तर बरोबर आल्याची शाबासकी आपण मुलांना देतोच. नवीन प्रश्न आणल्याची शाबासकीही देऊन बघा.

तुमची संख्या किती पावलांत पोचली ते कळवा. पुन्हा भेटू पुढच्या भागात. नमस्कार.